ळ

वडगावात आमच्या घरी माग होता.
बाबा सूत रंगवायचे, मी पेशी रंगवते.
तोच जांभळा हात, नखांच्या कडेला तेच
धुऊन न जाणारं काहीतरी.

कल्मेशचा तुकडा मंगळवारी आला,
हरभऱ्याच्या डाळीएवढा, फॉर्मॅलिनमध्ये तरंगत.
बेळगुंदीचा पोरगा, सहा वर्षांचा.
सकाळी उठल्या उठल्या ओकायचा
आणि बांधावरून चालताना
जिकडं बांध नाही तिकडं पाय टाकायचा.
"पडूलालाय ओ," आई दोन महिने सांगत होती,
सगळे म्हणत होते, जंत असतील.

मेणात बसवला, कापला, काचेवर घेतला.
निळ्या गोल पेशी, एकीला एक चिकटून,
शाळा सुटल्यावर फाटकात होते तशी गर्दी.
मग दुसरा रंग दिला, जो सगळ्यांना चढत नाही.
शंभरात दोघी-तिघीच तपकिरी झाल्या.

त्याच त्या.
बाळ पोटात असताना मेंदू बांधायला आलेल्या
गवंड्यांसारख्या.
बाकीच्या काम संपवून भिंतीत मिसळल्या,
यांना कुणी सांगितलंच नाही, घर झालं म्हणून.
औषध येतं तेव्हा धावणाऱ्या मरतात,
या निजलेल्या असतात.
मग कधीतरी उठतात, थापी शोधतात
आणि पायापासून पुन्हा सुरू करतात.
मला त्यांचा राग येत नाही.
हे मी खात्यात कुणाला बोललेली नाही.

डॉक्टर यरगट्टी धारवाडकडचे.
मराठी बोलतात, पण घाईत असले की
मुळाला त्यांच्या भाषेतलंच म्हणतात: मूल.
ऑपरेशननंतर मला मध्ये उभं केलं,
समजावून सांगायला.
"गाठ काढली अम्मा. औषधानं बरंच जाईल.
पण मूल राहतं. कितीही काढा, मूल राहतंच."

सुगंधाक्का माझ्याकडं वळली.
"मूल ऱ्हातं," ती म्हणाली,
हळू, तोंडात साखर घोळवावी तसं.

ळ म्हणायला जीभ मागं वळवावी लागते.
मी वळवली.
आणि तशीच टाळूला लावून उभी राहिले,
लिफ्ट येईपर्यंत.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी स्कॅन.
तो लाल टोपी घालून यायचा,
भिंतीच्या फरशांना हात लावत, एक, दोन, तीन, पाच.
एकदा माझ्या खिडकीशी थांबला.
"माजं डोस्कं काचंत हाय म्हणं, खरं?"
मी म्हटलं, थोडंसं.
"मग परत कवा देणार?"

मी रात्री मोजत राहायचे,
किती दिवस झाले मी न बोलल्याला.

परवा मार्केट यार्डात दिसली.
रताळ्याच्या पोत्यावर एक पाय,
समोर गोकाकचा व्यापारी, आणि ही
त्याला कन्नडात सोलून काढत होती.
"आगंगिल्ल री!" आणि त्यापुढं असं काही,
जे मला जन्मात बोलता येणार नाही,
समजलं तेही निम्मंच.
तोंडातल्या तोंडात भाव, वजन, त्याच्या बापाची अक्कल.

मी जिथं होते तिथंच थांबले.
म्हणजे त्या दिवशी
तिला दोन्ही शब्द ऐकू आले होते.
दोन्ही.

तिनं मला पाहिलं. हसली नाही.
पिशवी ओढून घेतली, न तोलता भरली.
"लव्हाळा लई झालाय औंदा," म्हणाली,
"खुरपंस्तोर हात ऱ्हाईनात.
खाली मणी असतंय न्हवं त्याचं."
मग पैशाला नको नको.

पोत्यामागं कल्मेश बसला होता,
मांडीवर एक रताळं,
त्याची केसासारखी बारीक मुळं
एक एक करून खुडत.
टोपीखालून नवीन केस आले होते.
मातीचा हात त्यानं तिथंच पुसला.