रोज एक जानेवारी

तीन आठवडे झाले, आमचा कॉम्प्युटर
रोज सकाळी एक जानेवारी दोन हजार दहाला उठतो,
रात्री बारा वाजून शून्य मिनिटांनी.
बाहेर वारज्याच्या पुलाखाली साडेआठचे हॉर्न तुंबलेले,
कुकरची दुसरी शिट्टी झालेली,
आणि हा म्हणतो, मध्यरात्र आहे.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत
काहीतरी चुकल्याची नम्र कबुली;
पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.
दाबते.
बँकेचं पान उघडत नाही, म्हणतं तुमचं घड्याळ मागे आहे.
हे मला बँकेनं सांगावं!

नवा घ्या, म्हणतात सगळे.
नव्यावर माझे फॉन्ट चालत नाहीत.
वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते,
रफार उडी मारतो,
आणि चि. सौ. कां. भलतीच कोणीतरी निघते.
बारा सदतीसच्या मुहूर्ताला लोक दोनला येतील,
पण आडनावातली चूक
पहाटे सहाला फोन करून सांगतील.

परवा ढमढेऱ्यांची पत्रिका हरवली.
सेव्ह केली होती, शपथेवर सांगते.
सापडली यादीच्या पार तळाशी,
दोन हजार दहाच्या गाळात.
नवरी तेव्हा दुसरी-तिसरीत असणार,
पत्रिका मात्र तयार, आहेर आणू नये यासह.

सगळं करून पाहिलं.
बंद करून चालू. वायरी उपसून पुन्हा खोचल्या.
इनामदार म्हणाले अर्थिंग बघा, ते बघितलं.
रॅम काढून खोडरबरानं घासली,
पट्टीवरचं सोनं चमकलं,
उजाडली पुन्हा एक जानेवारीच.

शेवटी तापकीर गल्लीतल्या वसीमला फोन.
"ताई, बोर्डावरचा सेल गेलाय.
प्लग काढा, बांगड्या काढा, मग हात घाला."
किती होतील?
"सेलचे तीस. मी यायचे चारशे."
तिसाचा मार्ग पत्करला.

झाकण काढलं. आत धुळीचं घोंगडं,
पंख्याला अडकलेलं पालीच्या अंड्याचं टरफल.
रंगाच्या ब्रशनं झाडत झाडत
बॅटरीच्या उजेडात तो दिसला,
रुपयाएवढा, गप्प.
सोळा वर्षं अंधारात बसून हा वेळ सांभाळत होता.
लोडशेडिंगमध्ये, आम्ही गावाला गेलो तेव्हा,
दोन महिने मीटर कापलं होतं तेव्हाही.
आणि मला तो आहे हेच माहीत नव्हतं.

नखानं उचकटला. नवा बसवला, टक्.
आता तारीख हातानं भरायची.
वर्षाच्या रकान्यात जाऊन अधिकचं बटण दाबलं.
अकरा. बारा.
तेरा, पहिली मोठी ऑर्डर,
दोनशे पत्रिका आणि वधूच्या बापाचंच नाव राहिलेलं.
चौदा, पंधरा, सोळा.
सतराला बोट थांबलं.
यंत्रही थांबलं. त्याला काय,
दाबल्याशिवाय ते पुढे जात नाही.
अठरा.
वीस, एकवीस, लग्न एकही नाही,
नुसत्या काळ्या चौकटी, दीडशे रुपयाला एक,
त्यातल्या तिघांचे पैसे मी घेतले नाहीत.
मग हात वेगात आला
आणि एक जास्तीचं दाबलं गेलं.

पुढचं वर्ष.
काही वाजलं नाही,
कुणी हरकत घेतली नाही.
कर्सर लुकलुकत राहिला
आणि मी थोडा वेळ तिथेच बसले.
मग वजाचं बटण दाबून परत आले.

झाकणाचे चारपैकी तीनच स्क्रू बसले.
चौथा सुईदोऱ्याच्या डबीत टाकेपर्यंत
ढमढेऱ्यांचा फोन. "पत्रिका?"
उद्या, म्हटलं.
"उद्या म्हणजे नक्की कधी?"
पडद्याच्या कोपऱ्यात बघून वार सांगितला,
तारीख सांगितली,
मिनिटं सांगायला तोंड उघडलं
तोवर त्यांनी फोन ठेवला होता.