कळाशील

दर मंगळवारी तळाशीलला जाते.
डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला खाडी,
मधली जमीन जिभेएवढी,
टोकाशी कायम ओली.
डिकीत आरसा, चमचे, चित्रांचे पत्ते
आणि एक फॉर्म,
ज्याच्या चौकोनांत मुलं बसवायची असतात.

दुसरीच्या वर्गात विचारलं, नाव सांग.
'तादंबरी तोचरेतर.'
मागच्या बाकावर हसू फुटलं,
निखाऱ्यात आठळ्या फुटतात तसं,
आधी एक, मग सगळ्या.
ती खाली बसली.
तिच्या नावात तीन क,
तिन्ही दातांपाशी येऊन त होतात.
बारशाला हे कुणाच्या ध्यानात येणार?

आई खळ्यात कालवं फोडत होती.
'जीभ जड आसा, बाई. वेखंड लावून झाला,
मध चाटवून झाला, देवाक कौल लावलो.
देवान उजवो दिल्यान.
पण बोलणा काय सुधारला नाय.'
मी म्हटलं, जड नाही हो, जीभ घाईची आहे.
त पडवीतच बसलेला असतो.
क भेटायला आत जावं लागतं, पार चुलीपाशी.
तिने मान हलवली. कोयती थांबली नाही.

मी पत्ते मांडले: कप, केक, कार, कमळ.
ती माझ्या घड्याळाकडे बघत राहिली.
चमच्याने जीभ दाबू गेले
तर ओठ मिटले, शिंपलीसारखे,
आणि तीन मंगळवार उघडले नाहीत.
परतताना आचऱ्याच्या पुलावर गाडी थांबवून
मी नुसतीच उभी राहायचे.
फॉर्मवर लिहायचे: प्रतिसाद अल्प.
कुणाचा, ते लिहायला जागा नव्हती.

चौथ्या मंगळवारी आईने जेवायला बसवलं.
पेडव्यांचं तिखलं.
मी मिरजेकडची. मला काटे कुठे काढता येतात?
दुसऱ्याच घासाला घशात रुतला.
डोळ्यांत पाणी, हात ताटावर,
आणि घशातून आवाज:
ख्क्. अक्. ख्क्.
'बाई, सुतो भात दिळा! सुतो भात!'
तिने स्वतः गोळा करून माझ्या तोंडात कोंबला.
काटा उतरला.
मग ती हसायला लागली,
पोट धरून, भिंतीला टेकून,
आणि माझी नक्कल करत म्हणाली,
'अक्.'

मी तिखट हातानेच तिचा हात धरला.
परत कर.
'अक्.'
परत.
'अक्. अक्. बाई मेली. अक्.'

त्यानंतर आम्ही पत्ते बाजूला ठेवले.
खाडीच्या चिखलात उकिडव्या बसून
बिळात काडी घालत म्हणायचो: क्... उर्ली.
क् म्हटलं की थांबायचं,
कुर्ली डोळे बाहेर काढते तोवर,
मग उरलेला शब्द.
किती आठवडे गेले, मोजले नाहीत.
एक दिवस मधली फट बुजली.
'कुर्ली,' ती म्हणाली, सहज,
कुर्ली पळाली म्हणून चिडून.
मागे कालवं फोडण्याचा आवाज
एका कालवापुरता थांबला.
परत सुरू झाला.

आता वेगळीच पंचाईत आहे.
क सापडला तशी ती तो सगळीकडे वाटत सुटली.
कांदूळ, काट, कोंड.
'आये, कारली कळ!' म्हणून रडते
आणि आई टोपलीतली तारली दाखवत विचारते,
'ह्या बाई, तुम्ही काय करून ठेवलास?'
होतं असं. लिहिलेलं आहे पुस्तकात.
नवी चप्पल घेतली की मूल
ती अंथरुणातही घालून झोपतं.
फॉर्मवर मात्र सुधारणा: होय किंवा नाही.
मी दोन्हींच्या मधे खूण केली.

परवा शाळेत नवे केंद्रप्रमुख आले.
'कुठे राहतेस, बाळ?'
ती उभी राहिली, फ्रॉक खाली ओढला.
'कळाशील.'
मागचं बाक हसलं, पण अर्धंच.
उरलेल्या अर्ध्यातला एक जण
जीभ मागे ओढून, हळूच,
स्वतःशी म्हणून बघत होता: कळाशील.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं,
आणि राहू दिलं
पुढच्या मंगळवारपर्यंत.