परतीची तारीख

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात,
रात्रपाळीचा हिशेब माझ्याकडे.
लाद्या मोजायच्या, ट्रॉलरची नावं लिहायची,
मग तीन ते पाच काहीच नसतं.
त्या दोन तासांसाठी मी वाचनालयातून
अमेरिकेतली माणसं आणतो,
पंधरा दिवसांच्या बोलीवर.

या खेपेची ही बघा.
मैलोन् मैल मका असलेल्या गावात एक जण
पलंगाखाली अकरा वर्षं बॅग भरून ठेवतो,
दर उन्हाळ्यात कपडे झटकतो, पुन्हा घडी घालतो.
एक बाई रोज रात्री फोन उचलून
ऑपरेटरला विचारते, किती वाजले?
भिंतीवर घड्याळ आहे तिच्या. चालू आहे.
एक बॉक्सर हॉटेलात बशा धुतो.
बशी फुटली की पगारातून कापतात,
आणि तो मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो.

त्यांच्याकडे समुद्र नाही.
आमच्याकडे आहे. म्हणून काही अडत नाही असं नाही.
माळ्यावर माझीही एक बॅग आहे,
तिच्यात काय आहे ते या कवितेत येत नाही.

भाषांतर कुणाचं ते पान फाटलंय,
पण समासात कुणीतरी पेन्सिल चालवलीय,
बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर.
बॅगेपाशी: कपडे आता बसणार नाहीत.
बाईपाशी: आणि ऑपरेटरला कोण विचारतं?
शेवटी तो स्टेशनापर्यंत जातो,
बाकावर बसतो, गाडी गेल्यावर घरी येतो,
तिथे नुसतं: हो.

मागच्या चिठ्ठीवर एकच नाव, नऊ वेळा.
कु. द्वारका गिरप. एकाहत्तर ते अठ्ठ्याहत्तर.
त्यानंतर कुणी नाही.
त्यानंतर मी.

शोधायला काय लागतं इथे,
मासळीबाजारात नाव टाकलं की पत्ता हातात.
उभादांड्याला, सुरूंच्या मागे.
वाटेत बोलायची वाक्यं जुळवत गेलो.
खोटं कशाला सांगू, शर्टाला इस्त्री केली होती.
तिचं वय मोजलं होतं, तरी केली होती.

ती अंगणात बांगडे सुकत घालत होती.
पुस्तक हातात घेतलं ते उलटं.
"माका खंय वाचूक येता," म्हणाली,
"मी नुसती आणून देय. वाचणारो आमचो दिगूदादा."

दादाला बोटीवर जायचं होतं.
गाठी, नकाशे, तारे, सगळं पाठ.
मुंबईला अंधाऱ्या खोलीत दोन दिवे दाखवले.
"तेका लाल आणि हिरवो एकच दिसा."
समोरचं जहाज कुठल्या बाजूला वळतंय
ते त्याला कधीच कळलं नसतं.
परत आला तो माजघरात बसला.

"मगे माजा लगीन झाला. देवबागेक दिल्यानी.
मगे तेका पुस्तका कोण आणून देतलो?"

बांगड्यांवरची माशी तिने हातानेच वारली.
मग म्हणाली, "काय लिवल्यान हा? वाच."
मी वाचलं, कपडे आता बसणार नाहीत.
ती बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिली,
जणू ते तिच्याशी बोललं होतं, माझ्याशी नाही.
"गणवेष शिवून घेतलेलो तेणी. आधीच.
पांढरो. शिरोड्याच्या शिंप्याकडे."

"आणि?"
"एवढंच," मी म्हणालो.
हो कसं वाचून दाखवतात मला येत नाही.

निघताना तिने चार बांगडे बांधून दिले,
रद्दीच्या कागदात, घट्ट.

त्या रात्री होड्या परत येताना
धक्क्यावर उभा राहून मी डोळे किलकिले केले,
लाल आणि हिरवा एक करून बघावा म्हणून.
झाले नाहीत. दोन्ही वेगळेच राहिले,
आणि पाण्यात त्यांच्या रेघा हलत होत्या.
तेवढ्यात कुणीतरी बर्फासाठी हाक मारली.

पुस्तक दोन दिवस उशिरा नेलं. दंड दोन रुपये.
ग्रंथपाल म्हणाल्या, "हे कोणी नेत नाही हो,
रद्दीत काढणार होते यंदा."
मी म्हटलं, थांबा,
पुन्हा लिहा माझ्या नावावर.