कुचर

उमरेडच्या गाडीचा कंडक्टर आता मला ओळखतो.
सीटखालून गाठोडं ओढतो, म्हणतो,
"ताई, तुमचा माल."
माल म्हणजे दोनेक किलो बरबटी,
राखेत घोळलेली,
कुणाच्या तरी जुन्या शर्टाच्या बाहीत भरून
दोन्ही तोंडं सुतळीनं आवळलेली.
कफाचं एक बटण अजून शाबूत.

पाठवणारी रेवता. माझी नणंद.
म्हणजे होती.
आता काय आहे, ते निकालपत्रात लिहिलेलं नाही.
सहा वर्षांचं भिजत घोंगडं
एका मंगळवारी सव्वाबारा वाजता
पिळून वाळत टाकलं कोर्टानं.
नवरा गेला, आडनाव गेलं,
बरबटीला मात्र कुणी नोटीस बजावली नाही.
ती येतच राहिली, दर माघात.

हिला बाजारात नाव नाही.
इतवारीत एकदा मूठभर नेऊन दाखवली;
दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला,
"हे आता कोण पेरते?
पांढरी घेऊन जा न, लवकर शिजते."
विटकरी अंग, त्यावर काळे शिंतोडे,
शाईचं पेन कुणी झटकावं तसे.
उगवते धुऱ्यावर.
वावर भावांच्या नावावर आहे.
धुरा कुणी मोजत नाही,
म्हणून धुऱ्यावरची बरबटी रेवताची.

रात्री भिजत घालते.
कॉर्पोरेशनचं पाणी. बोअरच्या पाण्यात ती
लग्नात रुसलेल्या मामासारखी ताठच राहते.
सकाळी गंजात हात घातला
की बोटांनाच कळतात
फुगलेले, साल सैल झालेले दाणे,
आणि मधेच खड्यासारखे काही,
रात्रभर पाण्यात राहून
पाणी न घेतलेले.
कुचर.
यंदा तेवीस निघाले.

हा शब्द मी त्याच घरात शिकले.
सुपापाशी नाही, दाराआडून,
माझ्याबद्दल:
"नागपूरची हाय. कुचर दाना हाय.
कितीबी शिजवा."
शिजवलं त्यांनी.
बरंच शिजवलं.

रेवता मिस्ड कॉल देते, मी लावायचा.
"कुकर नोको लावजो वयनी, साल फाटते.
मंद आचेवर ठेवजो. मीठ आखरीले."
अजून वयनी म्हणते.
मी दुरुस्त करत नाही.

दीड तास लागतो.
मानेवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत
बाकीच्यांचे स्वयंपाक तीन शिट्ट्यांत आटोपतात.
मी फेस काढते, पाणी घालते,
दाणा चिमटीत दाबून पाहते,
पेपर वाचते, पुन्हा पाहते.
मग जवसाचं तेल, भरपूर लसूण,
भिवापुरी मिरची, वरून मूठभर सांभार.
रंग चांगला येत नाही कधीच.
ते शिंतोडे पाण्यात उतरतात,
आणि रस्सा होतो
पहिल्या पुरातल्या नाल्यासारखा.
भाकरी मोडून त्यात बुडवते
आणि कुणाशीही न बोलता दोन वेळा वाढून घेते.

ते तेवीस मी पूर्वी फेकून द्यायची.
मागच्या साली सहज बोलून गेले,
तर रेवता फोनवर ओरडलीच,
"फेकू नोको! वापस धाडजो.
पयल्या पान्यानं जे फुगते, थे सडते.
हे दम खाते. दुसऱ्या पान्यात निंगते.
माह्या धुऱ्यावर तेच तं टिकते!"
मग जरा थांबून,
"तुले कोणी सांगतलं नाही का?"

नाही सांगितलं.

आज गणेशपेठ स्टँडवर
तीच बाही परत दिली.
आत तेवीस दाणे, गॅलरीत पेपरवर वाळवलेले,
आणि भेगांच्या मलमाची ट्यूब,
तिच्या टाचा मला माहीत आहेत.
कंडक्टरनं हातात तोलून पाहिलं.
"एवढंच?"
"एवढंच."
त्यानं ते सीटखाली नाही टाकलं.
शर्टाच्या खिशाकडे नेलं, मावेना,
मग तिकिटांच्या पेटीत ठेवलं.

गाडी सुटायला अजून वेळ होता.
मी उभी राहिले.
तोंडात लसणाची चव होती.