दोन मीटर बारा

या रेघा माझ्या बापाने मारल्या,
जहाजाच्या उरलेल्या रंगाने,
गोदीतून जेवणाच्या डब्यात लपवून आणलेल्या.
दोन रेघांमध्ये दोन मीटर बारा.
तेव्हा गाडी आत लागली की
दोन्ही दारं सताड उघडून
माणूस टोपी न काढता बाहेर पडायचा.

जेनोवात डोंगर सरकत नाही,
समुद्रही मागे होत नाही.
मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं आहे :
आम्ही, जिने, वाळत घातलेल्या चादरी
आणि डोंगर पोखरून केलेलं हे गॅरेज,
बावीस गाड्यांचं.
आता सोळा बसतात.
भिंती तेवढ्याच आहेत, मी रोज हात लावून बघते.
गाड्यांनीच बाळसं धरलंय.

दान्यिनो खाटीक श्वास रोखून
पोट आत घेऊन दाराच्या फटीतून उतरतो.
दातांची डॉक्टरीण तर मागच्या डिकीतून
रांगत बाहेर येते, पांढरा कोट सावरत,
आणि म्हणते, एर्सिलिया, जरा जागा वाढव ना.
जागा वाढव!
अंथरूण माझ्या बापाने घातलं होतं,
पाय तुम्ही शोरूममध्ये पसरलेत.

मी सगळ्यांना सांगायचे : लहान घ्या.
एक माणूस, एक छत्री, एक पाव.
एवढ्यासाठी दोन टन लोखंड
कास्तेल्लेत्तोच्या चढावर रोज ओढत न्यायचं?
वळणावरच्या मादोन्नाच्या कोनाड्याचा संगमरवर
तीनदा फुटला.
चौथ्यांदा पाद्रीबुवांनी तिच्यापुढे
दिव्याच्या जागी रबराचा टेकू बसवला.
लोक हसतात, मान हलवतात,
आणि पुढच्या वर्षी
आणखी दोन बोटं रुंद गाडी घेऊन येतात.

कानेपांनाही सांगितलं.
बंदरात तीनशे मीटरची जहाजं
अलगद धक्क्याला लावलेला माणूस,
आणि इथे खांबाला आरसा घासतो!
ते काही बोलले नाहीत. मागचं दार उघडलं.
आत चाकांची खुर्ची, तिच्यात ज्येम्मा,
केस नीट विंचरलेली,
कुणाची तरी माफी मागत असल्यासारखी हसत.
लहान गाडीत घडी करावी लागते, ते म्हणाले.
खुर्चीची की हिची,
ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी गप्प झाले.
म्हणजे अगदी गप्प नाही, खाटकाला सांगतेच.
पण ईस्टरच्या आधी रेघांवर ब्रश फिरवताना
कानेपांची रेघ चार बोटं पलीकडे ढकलली.
पलीकडे डॉक्टरीण लावते.
तिला अजून कळलेलं नाही.

पुढल्या फेब्रुवारीत ज्येम्मा गेली.
मोठी गाडी उन्हाळाभर जागेवर धूळ खात होती.
कधी संध्याकाळी ते यायचे,
मागे चढून दार लावून घ्यायचे.
मी हिशोबाच्या वहीत मान घालायचे,
बेरीज तीच, पुन्हा पुन्हा.

सप्टेंबरात छोटी आणली.
फिकट हिरवी, तिसऱ्या हातची, वाटाण्याएवढी.
एका दमात आत. ना खांब, ना आरसा.
खाटीक ओरडला, शाबास, शेवटी अक्कल आली!
मी टेप काढला. सवयच आहे.
गाडी आणि रेघ यांच्या मधली जागा मोजली.
त्या खुर्चीच्या दोन चाकांमधलं अंतर
मला पाठ होतं, कितीदा ढकलली होती मी ती चढावरून.
टेप गुंडाळला, आकडा सांगितला नाही.
कानेपा त्या मोकळ्या जागेतच उभे होते,
किल्ली हातात, भिंतीकडे थोडे सरून,
कुणाला पुढे जायला वाट द्यावी तसे.

मोठी गाडी इतकी वर्षं बरोबर होती का?
मला विचारू नका. मी मोजते फक्त.
रेघ मात्र मागे घेतलेली नाही.
डॉक्टरीण अजून डिकीतूनच उतरते.