बटाट्याचा ॲप्रन

गुंडाळीवरून ओढला की जुन्यासारखा टर्रकन फाटत नाही,
जरा चाचरतो, ओल्या कागदासारखा.
रंग ताकाच्या निवळीचा.
पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्याजणींनी त्याला नावं ठेवली.
हेनी म्हणाली, अंगावर आहे की नाही तेच कळत नाही.
फ्राउक्याच्या हातात तर बंदच तुटून आले.

मी हिलेखीन. ग्रोनिंगेनच्या पूर्वेला,
सुतात आखलेल्या कालव्याच्या काठी
जे वृद्धाश्रम आहे, तिथं अंघोळी घालते.
एका खोलीला एक ॲप्रन, हातमोज्यांचा एक जोड.
पुढच्या खोलीला नवे.
दिवस मावळेतो माझ्या एकटीचा ढीग गुडघ्याला लागतो.

ज्या वर्षी दारं बंद होती
आणि कचऱ्याच्या पिशव्यांना भोकं पाडून
आम्ही त्या अंगात घालत होतो,
तेव्हा ढीग कुणी मोजले नाहीत. मीही नाही.
प्लास्टिकनं मला जगवलं, हे नाकारणार नाही.
पण त्या उपकाराचं ओझं
कुठल्या तरी बांधावर अजून पडलेलं असेल,
फडफडत.

बारा नंबरला टाम्मो वीरिंगा.
स्टार्चच्या कारखान्यात चाळीस हंगाम.
मी वाकून त्याची पाठ धूत होते, तर त्यानं
ॲप्रनचं टोक चिमटीत धरलं, चोळलं, नाकाशी नेलं.
"बटाटा," म्हणाला.
महिनाभरातला त्याचा पहिला शब्द.

मग पाण्यात बसल्या बसल्या बोलतच सुटला:
शरद लागला की रात्रंदिवस भोंगा,
कालव्यावर दोन पुरुष उंच फेस,
बायकोच्या केसांतून न जाणारा सांडपाण्याचा वास.
"घाण आम्हीही केलीच गं.
तुझा हा शेवटी कुठं जातो?"

मी तोऱ्यात सांगितलं: खत होतं, शेतात जातं,
बटाट्याचा बटाट्यापाशी.
तो हसला. दात टेबलावर होते.

खरं मला मागाहून कळलं.
खतकारखान्याच्या पट्ट्यावर उभा असलेला पोरगा
तीन महिने आमचे ॲप्रन वेचून बाजूला काढत होता.
त्याचा काय दोष, दिसायला प्लास्टिकच.
सगळे भट्टीत गेले.
एक मी घरी आणून परसातल्या पेटीत पुरला होता.
हिवाळा सरला. साली विरल्या, चहाचा चोथा विरला,
ॲप्रन तस्साच,
माझ्या हातची गाठसुद्धा सुटलेली नाही.
त्याला ऊब लागते म्हणे, साठ अंशांची, आठवडेच्या आठवडे.
नुसत्या चांगल्या मनानं काही कुजत नाही.

आता त्याच्यावर हिरवा पट्टा छापून येतो.
मंगळवारी वेगळी गाडी येते.
हातमोजे मात्र निळेच, त्यांचं अजून जमलेलं नाही.

हे सगळं टाम्मोला सांगितलं तेव्हा
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
"ही जमीनच न कुजलेल्याची," म्हणाला.
"पाण्याखाली अर्धवट राहिलेलं शेवाळ, हजारो वर्षांचं.
पणज्यानं ते कापलं, वाळवलं, होडीत भरलं,
शहरांनी जाळलं. हा कालवा त्याच्यासाठीच खणलेला.
जे कुजलं नाही त्याच्यावर आमचं पोट भरलं, पोरी.
आणि तू आता कुजायला शिकवतेस?"

एप्रिलात तो गेला.
शेवटची अंघोळ मीच घातली.
नियमाप्रमाणे नवा ॲप्रन बांधला.
हातमोजे नाही घातले. हे कुणाला सांगू नका.

ॲप्रन काढून हिरव्या पेटीत टाकला
आणि उगीचच झाकणावर तळवा ठेवून पाहिला.
गारच होतं.
गुरुवार होता,
गाडी यायला अजून पाच दिवस.