पन्नास केबी

कुडचड्यात, बाजारामागच्या गल्लीत
माझं झेरॉक्सचं दुकान.
सुकडो वेळीप आले, हातात भाच्याचा फोन.
फोटोत उतारावरची कुमेर, चार काजी,
हद्दीवरचा राखणदाराचा दगड
आणि त्याच्याकडे बोट करून उभे ते स्वतः.

वनहक्काच्या अर्जाला ही फाइल उघडेना.
त्याला जेपेगच हवा,
पन्नास केबीच्या आत.

बदलून दिला. दोनशे दहा.
दाबला. नव्वद.
सोलं उन्हात आकसावीत तसा
आणखी दाबला. अठ्ठेचाळीस.

सुकडोबाब चष्मा पुसून बघत राहिले.
"फातर खंय गेलो?"
मी पडद्यावर नख टेकवलं. हा करडा चौकोन.
"आनी हांव?"
त्याच्या शेजारचा.

एक गोष्ट मात्र मला सांगवेना.
फोनने अक्षांश-रेखांशही टिपले होते,
फाइलीच्या पोटात, न दिसणारे.
बदलताना तेही गळाले.
आता हा डोंगर केप्याचा असेल, काणकोणचा असेल,
कुठलाही,
जिथे एक माणूस बोट दाखवतो आहे
कशाकडे तरी.

अर्ज गेला. हिरवी खूण उमटली.
तीस रुपये होतात, मी वीस म्हटलं.
त्यांनी मोजून नाणी ठेवली
आणि पायऱ्या उतरताना विचारलं,
"म्हणजे पावलं न्हय?"
पावलं, म्हटलं.

मूळ फाइल मी पुसलेली नाही.
'सुकडोची कुमेर' नावाने ठेवली आहे.
माझ्या जुन्या खोक्यावर ती उघडत नाही,
नुसता कोरा कागद दिसतो, कोपरा दुमडलेला.
पण आपण कुठल्या, हे
तिला अजून ठाऊक आहे.